मोह, परीक्षा आणि कबुली : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचा एक विचार

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती आत्मकथनांची दखल आपल्या वाङ्मयेतिहासाने बहुधा धर्मप्रसाराचे साहित्य म्हणून घेतली. त्यामुळे मराठी ‘स्व’च्या घडणीत पापाच्या जाणिवेने बजावलेली भूमिका दुर्लक्षित राहिली.

अनुताप मराठीला नवा नव्हता. तुकारामांच्या अभंगांत आणि रामदासांच्या करुणाष्टकांत आत्मनिंदेचा स्वर तीव्र आहे. मात्र तेथील पातित्य बहुधा विशिष्ट दिवशी घडलेल्या कृत्याचे नसते. ती भक्ताची अवस्था असते. किंबहुना भक्त पतित आहे, म्हणूनच देवाच्या ‘पतितपावन’ या बिरुदावर त्याचा हक्क पोचतो.

पापाकडे नेणाऱ्या ओढीची संकल्पनाही येथे वेगळी होती. षड्रिपूंपैकी मोह हा मूलतः अज्ञानाचा पडदा आहे. ज्ञान झाले की तो दूर होतो. नव्या करारातील ‘पैरास्मोस’ या ग्रीक शब्दात मात्र पारख आणि प्रलोभन असे दोन्ही अर्थ आहेत. प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठी अनुवादात त्यासाठी ‘परीक्षा’ हा शब्द रूढ झाला. मोहात माणूस न कळून चुकतो, तर परीक्षेत कळत असूनही. अपराधभावाचे मूळ या कळत असण्यात आहे. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने मांडलेला पेच हाच आहे.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्राचे मर्म या भेदातून उलगडते. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेचे (स्थापना १८४९) व्यवहार गुप्तपणे चालत. पटलेले सत्य मनात ठेवून जुने जीवन चालू ठेवता येणे, हेच त्या पिढीपुढील प्रलोभन होते. पदमनजींचा १८५४ मधील बाप्तिस्मा म्हणूनच केवळ मतांतर ठरत नाही. आत आणि बाहेर यांतील फट बुजविण्याची ती कृती आहे.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध केलेल्या साक्षीत त्या सांगतात की, तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. पापमुक्तीचा अनुभव त्यांना सुमारे आठ वर्षांनी आला. बुद्धीने धर्म पटला तरी अपराधाचे ओझे उतरत नाही, हे विद्वत्तेसाठी ‘पंडिता’ ही पदवी मिळविलेल्या स्त्रीने लिहावे, याला विशेष अर्थ आहे. येथे प्रलोभन विषयांचे नाही, स्वतःच्या ज्ञानावर विसंबण्याचे आहे.

कबुलीतून सत्तेला अंकित असा ‘स्व’ घडतो, ही फूकोची मांडणी येथे सहज आठवेल. मिशनच्या वाचकवर्गाला ठरावीक साच्याची साक्ष हवी असे, हेही खरे. परंतु सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी आपली सदसद्विवेकबुद्धी धर्माधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यास ठाम नकार दिला. देवापुढे अपराधी असणे आणि चर्चपुढे आज्ञाधारक असणे त्यांनी एक मानले नाही.

हा भेद लक्षात घेतला, तर ही आत्मकथने धर्मांतराचे निव्वळ दस्तऐवज राहत नाहीत. आपल्या कृतीचा, विलंबाचा आणि तडजोडीचा तारीखवार हिशेब देणारा ‘मी’ त्यांनी मराठी मनापुढे ठेवला. आत्मचरित्राच्या आपल्या समीक्षेने त्या ‘मी’शी अजून पुरेसा संवाद केलेला नाही.