नर्सबाईंची बढती कुठे अडली? एएनएम या पदाची सत्तर वर्षे

बारावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. तालुक्याच्या गावात पत्रकार म्हणजे जणू करिअर मार्गदर्शन केंद्रच. सध्या सगळ्यात जास्त विचारणा होते ती एएनएमची. "दोनच वर्षांचा कोर्स आहे, पोरीला लगेच नोकरी लागेल ना?" एक वडील तर फीसाठी शेत गहाण टाकायला निघाले होते. या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येत नाही. पण हे पद कसं जन्माला आलं हे कळलं, की उत्तर बरंचसं सापडतं. म्हणून आजची पोस्ट थोडी लांब आहे.

एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाईफ. सरकारी कागदावर आरोग्य सेविका, गावात नर्सबाई किंवा सिस्टर.

आपल्याकडे घरंदाज बाईने नर्स व्हायचं, हे फार काळ कुणाला पटत नव्हतं. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या मुली व विधवा ससूनमध्ये नर्सिंग शिकू लागल्या, तेव्हा किती टीका झाली असेल ते तुम्हीच ताडा. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, त्यात ४३ हजार लोकांमागे एक नर्स असा हिशेब होता. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून नर्स होत्या ७ हजारांच्या आसपास, आणि त्याही बहुतेक शहरांत.

स्वातंत्र्यानंतर खेड्यात आरोग्य केंद्रं काढायची ठरली. पण पूर्ण शिकलेली नर्स खेड्यात येणार कुठून? मग तोडगा निघाला. कमी शिकलेल्या मुलींना कमी काळात तयार करायचं. १९५१ मध्ये पंजाबात तरनतारनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये एएनएमचा पहिला वर्ग सुरू झाला. कोर्स दोन वर्षांचा, आणि प्रवेशाला मॅट्रिकचीही अट नव्हती. बाळंतपण हा शिक्षणाचा गाभा. खेड्यातल्या गरीब घरच्या मुलीसाठी शिक्षिका होण्याखेरीज सरकारी पगाराचा हा दुसरा मोठा रस्ता उघडला. कित्येक घरं या पगारावर उभी राहिली, भावंडं शिकली. हे मान्य करूनच पुढचं बोलू.

असं दुय्यम पद फक्त आपल्याकडेच निघालं असं नाही. अमेरिकेत याच जातकुळीचं पद म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. तिथे १८९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या वायडब्ल्यूसीएने तीन महिन्यांचा वर्ग काढला होता. १९१४ मध्ये मिसिसिपी राज्याने या पदासाठी पहिला कायदा केला आणि दुसऱ्या महायुद्धात नर्सचा तुटवडा पडल्यावर हे पद पसरलं. तिथेही पगार कमी, कामाला मर्यादा, मोठ्या हॉस्पिटलांतून नर्सिंग होमकडे ढकललं जाणं, हे सगळं आहे. पण एक गोष्ट वेगळी आहे. प्रॅक्टिकल नर्सला नोंदणीकृत नर्स होण्यासाठी तिथे ब्रिज कोर्स आहेत, आणि त्यात आधीचं शिक्षण मोजलं जातं. पुन्हा श्रीगणेशा करावा लागत नाही.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहा. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने सुचवलं, की मलेरिया, देवी, कुटुंबनियोजन अशा प्रत्येक कामाला वेगळा माणूस नको, एकच बहुउद्देशीय कर्मचारी हवा. एएनएमची झाली बहुउद्देशीय आरोग्य सेविका. कागदावर पद वाढलं. पण १९७७ मध्ये तिचा कोर्स दोन वर्षांवरून दीड वर्षावर आला. म्हणजे काम वाढलं आणि शिक्षण कमी झालं!

त्यात कुटुंबनियोजनाची टार्गेटं. आमच्याकडच्या एक निवृत्त नर्सबाई सांगतात, "मार्च आला की झोप उडायची. केसेस पूर्ण नाहीत म्हटल्यावर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचे." रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावणारी बाई हळूहळू ऑपरेशनच्या केसेस शोधणारी आणि रजिस्टरं भरणारी झाली. एप्रिल १९९६ मध्ये केंद्राने ही लक्ष्यं काढली, पण तोवर एका पिढीचा कस त्यात गेला होता.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. उपकेंद्रात दुसरी एएनएम मिळाली, पण कंत्राटी. लसीकरण तेच, गरोदर मातांची नोंद तीच, पण शेजारच्या टेबलावरच्या कायम सिस्टरच्या आणि हिच्या पगारात मोठा फरक. कोरोनात लशी देताना मात्र कुणी कायम आणि कंत्राटी असा भेद केला नाही. २०२३ मध्ये राज्यातल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना बेमुदत संप करावा लागला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी दहा वर्षं सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय निघाला.

माझ्या मते खरी गंमत २०१२-१३ नंतरची आहे. भारतीय परिचर्या परिषदेने कोर्स पुन्हा दोन वर्षांचा केला आणि प्रवेशाला बारावीची अट घातली. पात्रता वाढली, मग पुढचा रस्ताही रुंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी हे नवं पद आलं. त्यासाठी बीएएमएस, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग चालतं, एएनएम चालत नाही. वीस वर्षं ज्या उपकेंद्राचा भार वाहिला, तिथेच कालपरवा पास झालेला अधिकारी येऊन बसतो. त्याचा दोष नाही, नियमाचा आहे.

मग एएनएमला बढती कोणती? आरोग्य सहाय्यिका, म्हणजे एलएचव्ही. त्यासाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं आणि जागा मोजक्या. जीएनएमला प्रवेश मिळतो, पण तिथे पहिल्या वर्षापासून पूर्ण तीन वर्षं. आधीची दोन वर्षं कुणी धरत नाही. पगारातला फरकही बघा. राज्यात कायम आरोग्य सेविकेची मूळ वेतनाची सुरुवात २५,५०० आणि सरकारी हॉस्पिटलातल्या स्टाफ नर्सची ३५,४००. आणि कायम जागा निघते कधी? जिल्हा परिषदांची मार्च २०१९ ची भरती रखडत रखडत शेवटी रद्द झाली आणि नवी जाहिरात यायला ऑगस्ट २०२३ उजाडला. या चार वर्षांत किती मुलींची लग्नं झाली, किती जणी खासगी दवाखान्यात मिळेल त्या पगारावर राबल्या, याची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे?

म्हणून विचारणाऱ्या पालकांना मी सांगतो: एएनएम वाईट नाही, पण मुलीला मार्क आणि घरात एक-दोन जादा वर्षांची ऐपत असेल तर सरळ जीएनएम किंवा बीएस्सीचा विचार करा. एएनएमच करायचं असेल तर संस्थेची मान्यता आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळेल का ते आधी तपासा. "शंभर टक्के नोकरी" असा बोर्ड लावणाऱ्याच्या नादी लागून शेत गहाण टाकू नका.

आणि सरकारला सांगायचं ते वेगळं. १९४७ च्या नर्सिंग कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा मंजूर केला आहे. नियम नव्याने लिहायचेच आहेत, तर एक नियम असाही लिहा: एएनएमची दोन वर्षं आणि तिचा अनुभव धरून तिला जीएनएम होता आलं पाहिजे. १९५१ मध्ये देशाला घाई होती, म्हणून हे पद अर्ध्या शिक्षणावर उभं केलं, ते समजू शकतो. आता सत्तर वर्षं उलटून गेली. आता कसली घाई आहे?

तुमच्या गावच्या उपकेंद्रात सध्या किती सिस्टर आहेत, कायम किती, कंत्राटी किती आणि रिकाम्या जागा किती, ते कमेंटमध्ये लिहा. गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका, सिस्टरचं नको. उगाच त्यांना त्रास व्हायचा. यादी जमली की जिल्हा परिषदेत घेऊन जातो.