पावित्र्य (ख्रिस्ती)

ख्रिस्ती श्रद्धेत पावित्र्य हा आधी परमेश्वराचा गुण आणि मग त्याच्याशी नाते जडलेल्या माणसाचा. माणूस स्वतःच्या बळावर पवित्र होत नाही. परमेश्वर त्याला आपला म्हणून वेगळा काढतो आणि त्याला शोभेल असे जगणे त्याच्याकडून मागतो, एवढ्यावर बहुतेक पंथांचे एकमत आहे. हे जगणे या देहात किती पूर्णत्वाला जाऊ शकते, तो बदल एका क्षणात घडतो की आयुष्यभर चालतो, आणि चर्चने कोणाचे नाव घेऊन त्याला संत ठरवावे काय, यांवर मतभेद आहेत. प्रस्तुत नोंद मुख्यतः मराठी भाषक ख्रिस्ती समाजापुरती आहे.

शब्दविचार : बायबलच्या जुन्या करारातील हिब्रू 'कादोश' आणि नव्या करारातील ग्रीक 'हागिओस' या दोन्ही शब्दांना मराठी बायबलात 'पवित्र' हा एकच प्रतिशब्द आहे. 'कादोश'चा मूळ अर्थ 'राखून ठेवलेला, वेगळा काढलेला' असा सांगितला जातो. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल मात्र अभ्यासकांत एकवाक्यता नाही. स्वच्छ-अस्वच्छ या अर्थाने दोन्ही भाषांत निराळे शब्द आहेत (हिब्रू 'ताहोर', ग्रीक 'काथारोस'). मराठी 'पवित्र' संस्कृत 'पू' (स्वच्छ करणे) या धातूपासून आला. सोम गाळायचे गाळणे ते पवित्र, धर्मकृत्याच्या वेळी अनामिकेत घालायचे दर्भाचे वेढे तेही पवित्र. म्हणजे मूळ हिब्रू-ग्रीक शब्दांचा कल 'कोणाचा?' या प्रश्नाकडे आहे, तर मराठी शब्दाचा 'किती स्वच्छ?' याकडे. मराठी ख्रिस्ती विचाराची निम्मी अडचण आणि निम्मी श्रीमंती या फरकातून आली आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' (१६१६) रचताना परमेश्वराच्या आत्म्यासाठी 'स्पिरितु सांतु' हे परकीय नावच ठेवले. पुढे विल्यम कॅरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूर येथील छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान (१८०५) आणि नवा करार (१८११) मराठीत निघाले. एकोणिसाव्या शतकातील भाषांतरांनी 'पवित्र आत्मा', 'पवित्र जन', 'पवित्रीकरण' हे शब्द मंडळीच्या तोंडी रुळवले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून स्वतंत्र भाषांतर केले. ते साध्या बायकांना कळावे आणि हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले शब्द शक्यतो त्यात नसावेत, हा त्यांचा कटाक्ष होता. ते काम मरणापूर्वी (५ एप्रिल १९२२) त्यांच्या हातून पुरे झाले आणि १९२४ मध्ये ग्रंथ निघाला.

बायबलमधील आधार : लेवीय या ग्रंथात परमेश्वर आपल्या पावित्र्याचा दाखला देऊन लोकांकडून पावित्र्य मागतो. त्या आज्ञेमागून येणाऱ्या गोष्टी पाहण्यासारख्या आहेत: शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी सोडावे, मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये, बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत, मापात खोट करू नये. पेत्राचे पहिले पत्र हीच आज्ञा पुन्हा सांगते. मार्कच्या सातव्या अध्यायात न धुतलेल्या हातांनी जेवण्यावरून वाद होतो आणि माणसाला मलिन करणारे ते त्याच्या आतून निघते, असे येशू स्पष्ट करतो. पौल करिंथच्या मंडळीला भांडणे, फिर्यादी आणि व्यभिचार यांबद्दल खडसावतो, तरी पत्राच्या आरंभी तिला पवित्र म्हणूनच हाक मारतो. हा शब्द गुणवत्तेचे प्रमाणपत्र नसून नात्याचे नाव आहे, हे या एका पत्रावरून जितके कळते तितके लांबलचक विवेचनांतून कळत नाही.

सोवळे आणि पावित्र्य : 'पवित्र' हा शब्द मराठी घरात शिरला तेव्हा तिथे सोवळे-ओवळे, विटाळ आणि उष्टे-खरकटे हे शब्द आधीच होते. राजाच्या ताटातले अन्न दानिएल नाकारतो, तिथे मराठी बायबलने 'विटाळ' हाच शब्द घेतला आहे.

सोवळे आणि ख्रिस्ती पावित्र्य यांचा संघर्ष जवळून पाहायचा तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. त्यांचे आजोबा १८५७च्या धामधुमीत फासावर गेले. त्यानंतर नाशिकजवळच्या जलालपूरच्या घरात वडिलांचे सोवळे विकोपाला गेले. बाजारातून आणलेले मीठसुद्धा ते धुऊन घ्यायला लावत. धुतल्यावर हाताशी किती मीठ उरायचे, हा प्रश्न त्या घरातल्या बायकांना रोज पडत असणार. पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि पतीजवळ परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, हा विचार त्यांना आधी पटला. बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यानंतर झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या बाबतीत पावित्र्याचा अर्थ आधी चुलीपाशी आणि पाण्याच्या घड्यापाशी बदलला, चर्चची पायरी नंतर आली.

ख्रिस्ती पावित्र्यात स्पर्शाची दिशाच उलटते. सोवळ्यात मलिनता स्पर्शाने पसरते आणि शुद्धाला जपून राहावे लागते. शुभवर्तमानांत येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. त्याला स्वतःला काही होत नाही, रोगी मात्र शुद्ध होतो. मिरजेसारख्या ठिकाणच्या मिशनच्या कुष्ठरोग सेवेमागे हीच कथा उभी होती. पुष्कळ मंडळ्यांच्या प्रभुभोजनात एकाच पेल्याला सगळ्यांचे ओठ लागतात. मराठी डोळ्यांना हे उष्टे आणि ख्रिस्ती विश्वासाला तोच पवित्र विधी. अहमदनगर, जालना भागांत महार-मांग समाजातून आलेल्या कुटुंबांना या पेल्याने काय दिले असेल, हे सांगायला शब्द तोकडे आहेत. तरी जुन्या जातींच्या खुणा सोयरिकींत आणि बसण्या-उठण्यात पुष्कळ काळ टिकल्या, हेही नोंदवणे भाग आहे.

केडगावचे संजीवन : रमाबाई १८९८ मध्ये इंग्लंडमधील केझिक येथील मेळाव्याला गेल्या होत्या. विश्वासणाऱ्याने पवित्र आत्म्याला शरण जाऊन पापावर जय मिळवणे, हा त्या मेळाव्यांचा विषय असे. वेल्समधील १९०४च्या जागृतीची वार्ता आल्यावर, जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात मुलींचे व बायकांचे खास प्रार्थनेचे गट सुरू झाले. जूनअखेर जे घडले त्याला मराठी मंडळी 'संजीवन' म्हणतात. मुली मोठ्याने रडत पापे कबूल करू लागल्या. दुष्काळातून आणि विधवापणातून वाचलेल्या या पोरी तासन्‌तास प्रार्थनेत राहत. एका मुलीला मैत्रिणीच्या अंगाभोवती आग दिसली आणि ती विझवायला तिने धावत जाऊन पाण्याची बादली उचलली, अशी हकिकत त्या काळच्या वृत्तान्तांत येते. जवळ आल्यावर मैत्रीण भाजलेली नाही हे तिच्या ध्यानी आले. मुक्तिसदनातील अमेरिकन सेविका मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे स्थान कोणते, यावर मते भिन्न आहेत. इतके खरे की पावित्र्याचा अनुभव इथे अनाथ मुलींच्या तोंडून बोलला गेला, आणि त्यानंतर पुष्कळ जणी गट करून गावोगाव सुवार्ता सांगायला निघाल्या.

पावित्र्याकडे जाण्याचा नारायण वामन टिळकांचा मार्ग निराळा होता. त्यांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

संत : कॅथलिक चर्च काही व्यक्तींना चौकशीनंतर आधी धन्यवादित आणि मग संत घोषित करते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन संघाचे बंधू होते. जपानी भाषा येत असल्यामुळे ते धर्मगुरूंचे दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांना १६२७ मध्ये धन्यवादित आणि १८६२ मध्ये संत घोषित केले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये पावित्र्याचे बोलावणे संसारी माणसांसह प्रत्येकाला आहे, असे ठासून सांगितले. प्रॉटेस्टंट परंपरा बहुधा 'संत' ही पदवी देत नाही, मात्र चर्च ऑफ इंग्लंडच्या स्मरणदिनांच्या यादीत पंडिता रमाबाईंसाठी ३० एप्रिल हा दिवस आहे.

होलिनेस मंडळ्या : जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांच्या शिकवणीनुसार तारणानंतर विश्वासणाऱ्याला 'संपूर्ण पवित्रीकरण' मिळू शकते, म्हणजे त्याचे मन देवाच्या व शेजाऱ्याच्या अखंड प्रेमाने भरते. या परंपरेतील नाझरीन मंडळीचे काम वऱ्हाडात, मुख्यतः बुलढाणा आणि वाशिम भागांत रुजले. वाशिमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी सुरू केले. दारू व तंबाखू वर्ज्य, ही या मंडळीची बाहेरून दिसणारी खूण. ल्यूथरच्या परंपरेला संपूर्ण पवित्रीकरणाचा दावा मान्य नाही. तिच्या मते विश्वासणारा मरेपर्यंत एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो.

पौर्वात्य परंपरा : पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत देवाच्या जीवनात सहभागी होणे, हा पावित्र्याचा अर्थ प्रधान आहे.

सीमाभाग : हिंदी बायबलातही 'पवित्र' हाच शब्द असल्याने मराठी-हिंदी सीमेवरच्या गावांत दोन्ही भाषांच्या उपासनेत तो तसाच चालतो.