खारेपाटाला कोणता नकाशा?

वडखळ नाक्यावर अलिबागचा फाटा शोधायला मोबाइलचा नकाशा पुरतो. शेताच्या हद्दीचा वाद त्यावर मिटत नाही. तिथे भूमी अभिलेखचा गावनकाशाच लागतो. (नकाशा, हद्द, महसूल हे तिन्ही शब्द अरबीतून आलेले, त्यामुळे माझ्या उर्दूच्या तासालाही हा विषय चालतो.)

या नकाशाची परंपरा १८३५ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी केलेल्या महसुली मोजणीतली. ३३ फुटी साखळी, साखळीभर चौरसाचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. सरकारला सारा हवा होता. म्हणून हद्दी नोंदल्या, उंची नाही.

उंचीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घ्यावा, तर त्यात दोन समोच्च रेषांमध्ये बहुधा १० ते २० मीटरचं अंतर. खारेपाटात हातभर बांध खचला तरी भरतीचं पाणी भातात शिरतं. म्हणून बांध आणि उघाड्यांचा नकाशा मी मुलांनाच पायी फिरून काढायला लावतो.