पुण्याचा खेळ, परक्या वाड्याचे नाव

‘वास्को’ म्हटले की गोमंतकीयाच्या डोळ्यांपुढे बंदर उभे राहते, आगगाडीचे स्थानक उभे राहते; वास्को द गामा हा पोर्तुगीज दर्यावर्दी क्वचितच आठवतो. नाव रूढ झाले की त्यामागचा इतिहास असा मागे पडतो. संध्याकाळी अंगणात दोरी बांधून मुले खेळतात, त्या बॅडमिंटनच्या बाबतीतही हेच घडले आहे.

पिसांचे फूल फळीने उडवीत ठेवण्याचा खेळ युरोपात आणि आशियात फार जुना. त्यात हारजीत नव्हती. फूल खाली पडू द्यायचे नाही, एवढाच नेम. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यातील ब्यूफर्टच्या ड्यूकच्या वाड्यात तो आवडीने खेळला जाई. त्या वाड्याचे नाव बॅडमिंटन हाउस.

इकडे पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून हाच खेळ चुरशीने खेळू लागले. खेळाला ‘पूना’ असेच नाव पडले, आणि १८७३ च्या सुमारास त्याचे नियमही पुण्यातच लिहिले गेले. रजेवर आणि निवृत्तीनंतर मायदेशी परतणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो विलायतेस नेला. पुढे बाथ येथील मंडळाने नियमांना नवे रूप दिले, १८९३ मध्ये इंग्लंडची संघटना स्थापन झाली आणि १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. या प्रवासात ‘पूना’ हे नाव मात्र गळून पडले.

ड्यूकच्या घरी १८७३ साली झालेल्या मेजवानीत या खेळाचे बारसे झाले, असे सांगतात. परंतु आयझॅक स्प्रॅट या लंडनच्या खेळणी-विक्रेत्याने ‘बॅडमिंटन बॅटलडोर’ ही पुस्तिका त्यापूर्वीच, १८६० साली, काढली होती. तेव्हा पुण्याचे नाव कोणी हिरावून घेतले असे म्हणणे न्यायाचे नाही. आणि पुण्याचे ऋण विसरणेही न्यायाचे नाही. घरगुती करमणुकीला स्पर्धेची शिस्त लागली ती मुळामुठेच्या काठी.

त्या ऋणाची जाणीव भारतीय खेळाडूंनी आपल्या कर्तृत्वाने करून दिली. १९५६ मध्ये सांगलीच्या नंदू नाटेकरांनी मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशातील अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण आणि २००१ मध्ये गोपीचंद ऑल इंग्लंडचे विजेते ठरले. खेळाला नाव वाड्याचे मिळाले खरे. पण पुण्याहून विलायतेस गेलेल्या त्या खेळाचा मान भारतीयांनी विलायतेतूनच जिंकून आणला.