स्वाक्षरीऐवजी उत्तर : जयंत नारळीकर आणि मराठी विज्ञानलेखन

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकविताना आम्ही 'विज्ञानकथा' हा वाङ्मयप्रकार ठरलेल्या क्रमाने पूर्ण करतो : व्याख्या, वैशिष्ट्ये, प्रमुख लेखक. जयंत नारळीकर यांचे नाव त्या यादीत अग्रभागी असते आणि 'विज्ञानाचा प्रसार करणारे लेखक' एवढ्या शब्दांत त्यांची बोळवण होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हाही हाच शब्द अनेकांच्या तोंडी होता. आम्हांला तो अपुरा वाटतो. त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विज्ञान मराठीत आणण्याची खटपट जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढले, ते नव्या विद्यांचा परिचय घडविण्यासाठीच. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) हा आपला संशोधनग्रंथ मराठीतच लिहिला. १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' सुरू झाले आणि १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. दीक्षितांसारखा अपवाद वगळता या लेखनाची भूमिका बहुधा शिक्षकाची होती. ज्ञान दुसरीकडे सिद्ध झालेले असे आणि ते सोपे करून वाचकाच्या पदरात घातले जाई. वाचकाने ते घ्यावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

नारळीकरांची जडणघडण निराळी होती. जन्म कोल्हापूरचा (१९३८), शालेय शिक्षण बनारसला हिंदी माध्यमातून, पुढे केंब्रिज. मराठी ही त्यांची घरची भाषा, शाळेची नव्हे. केंब्रिजमधील त्यांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः कादंबरीकार होते. 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७) ही त्यांची कादंबरी प्रसिद्धच आहे. १९७२ मध्ये नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि दोनच वर्षांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली. पाठविताना नाव घातले 'नारायण विनायक जगताप', म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरे उलट्या क्रमाने. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत मंगलाताईंकडून लिहवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हा प्रसंग आपण गमतीखातर सांगतो. आम्हांला त्यात शास्त्रज्ञाची शिस्त दिसते. पद्मभूषण (१९६५) मिळालेल्या लेखकाचे नाव परीक्षकांपुढे गेले असते, तर कथेची परीक्षा झालीच नसती. नाव काढून टाकले, म्हणजे उरते ती केवळ कृती.

'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत ही शिस्त आशयातही उतरली आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. मराठी भाषेत 'पानिपत होणे' हा वाक्प्रचारच आहे. पराभव आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे, की तो टळू शकला असता हे मनात येत नाही. नेमके तेच ठिकाण निवडून नारळीकर पुंजभौतिकीतील अनिश्चिततेचा प्रश्न मांडतात. ही कथा वाचणाऱ्याला विज्ञानाची माहिती थोडी मिळते. आपल्या गृहीतांविषयी शंका मात्र पुष्कळ मिळते.

हीच वृत्ती त्यांच्या पोस्टकार्डांत दिसते. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गराडा घालीत. नारळीकर त्यांना सांगत, 'मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर पाठवीन, त्याखाली स्वाक्षरी असेलच.' स्वाक्षरी मागणारा मूल भक्त असते, प्रश्न विचारणारे मूल बरोबरीचे होते. पुढे पुण्यात त्यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये 'आयुका' ही संस्था उभी राहिली. तेथे शाळकरी मुलांसाठी व्याख्याने आणि स्वतः प्रयोग करून पाहण्याची सोय झाली, तीही याच धोरणाने.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो किरकोळ नाही. विश्वाच्या उत्पत्तीविषयी नारळीकरांचे मत अल्पसंख्य होते. १९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारण सापडल्यानंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकर मात्र हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये स्थिर स्थिती सिद्धान्ताची सुधारलेली मांडणी घेऊन पुढे आले आणि महास्फोटावरील शंका सामान्य वाचकांपुढेही बोलत राहिले. ज्या वाचकाला पुरावे तपासता येत नाहीत, त्याच्यापुढे असा वाद मांडावा काय? त्याने गोंधळून जाण्याचा धोका आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तरीही निर्णय झालेलाच आहे असे भासविणारे सोपे पुस्तक वाचकाला अधिक परावलंबी करते. फलज्योतिषाच्या बाबतीतही त्यांनी नुसता निषेध केला नाही. २००८ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांच्या २०० पत्रिका जमवून चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखण्यात ज्योतिष्यांना ४६ टक्के यश आले. नाणे उडवूनही पन्नासच्या आसपास येते. वाचकापुढे निष्कर्ष आला, तो चाचणीच्या रीतीसह.

२०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा विज्ञानलेखन साहित्याच्या मुख्य ओट्यावर आले असे म्हटले गेले. आमच्या वर्गात ते अजून आलेले नाही. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. पण हातातील औषध काय आहे, ते दुसऱ्यात मिसळले तर काय होते, हे कोणाला विचारावे आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न त्यांतला एक होता. त्या घरांतली मुले आमच्यापुढे बाकांवर बसतात. त्यांना विज्ञानकथेची पाच वैशिष्ट्ये पाठ करवून घेण्यापेक्षा एका पोस्टकार्डावर मावेल असा एक प्रश्न स्वतःच्या मराठीत लिहावयास लावणे अधिक गरजेचे आहे. उत्तर आम्हांला ठाऊक नसेल, तर ते ठाऊक असणाऱ्यापर्यंत कार्ड पोहोचविणे हे आमचे काम.