तेरा पेन्सचा शिलिंग

'जर्सी' म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना एडिसन आठवतं आणि उरलेल्यांना गोठ्यातली गाय. अमेरिकेतल्या राज्याला नाव मिळालं ते आणि ती गाय आली तीही फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावरून. क्षेत्रफळ ११८ चौरस किलोमीटर, वस्ती लाखभर. बेट ब्रिटिश राजाचं, पण युनायटेड किंग्डमचा भाग नाही. कायदेमंडळ स्वतःचं, कर स्वतःचे, नोटाही स्वतःच्या. बँक ऑफ इंग्लंडची नोट तिथे बिनतक्रार चालते. जर्सीची नोट मात्र इंग्लंडमधला दुकानदार बहुधा तुम्हाला परत करील.

हा एकतर्फी मामला समजून घेण्यासारखा आहे. ब्रिटनमधून दुबईला किंवा सिंगापूरला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या लोकांना पौंडातल्या ठेवीसाठी हमखास सुचवली जातात ती जर्सी, गर्न्सी नाहीतर आइल ऑफ मॅन ही बेटं. तिथला पौंड आणि लंडनचा पौंड एकच, हे आपण गृहीत धरतो.

१८३४ पर्यंत जर्सीचं चलन होतं फ्रेंच लिव्र. फ्रान्सने लिव्र सोडून फ्रँक घेतला, तरी जर्सी जुन्याच नाण्यांना चिकटून राहिली. १८३४ मध्ये राजाज्ञेने स्टर्लिंग हे एकमेव कायदेशीर चलन झालं. बाजाराने मात्र ते ऐकलं नाही. सुटे पैसे फ्रेंच 'सू'च राहिले आणि हिशेब ठरला एका शिलिंगला २६ सू. म्हणून १८४१ मध्ये जर्सीने स्वतःची तांब्याची पेनी काढली ती दोन सूंची. इंग्लंडमध्ये शिलिंगला १२ पेन्स, जर्सीत १३! नाण्यावरच 'शिलिंगचा तेरावा भाग' असं छापलेलं असे. बारावर यायला १८७७ उजाडलं. शेजारच्या गर्न्सीने तर फ्रँकशी नातं ठेवलं ते १९२१ पर्यंत, आणि सोडलं तेही पहिल्या महायुद्धानंतर फ्रँक घसरू लागला म्हणून.

तुमचं घराणं मराठवाड्यातलं असेल तर हे ओळखीचं वाटेल. निजामाचा हाली सिक्का आणि भारतीय रुपया यांचा दर सातास सहा होता. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, तरी हाली सिक्का पूर्ण रद्द व्हायला १९५९ उजाडलं. चलन एक करण्याचा हुकूम एका दिवसात निघतो. बाजारातली आणि डोक्यातली गणितं बदलायला पिढी जाते.

आता वित्तकेंद्राकडे. तिथे पैसा का गेला, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे कमी कर. माझ्या मते ते अर्धंच आहे. जर्सीचा २० टक्के प्राप्तिकर १९४० पासूनचा, जर्मन ताब्याच्या काळातला. पण त्यानंतरची कितीतरी वर्षं बेट जगलं ते बटाटे, टोमॅटो आणि पर्यटकांवर. व्याजाला पाच टक्क्यांची मर्यादा घालणारा जुना कायदा १९६२ मध्ये गेला, मग लंडनच्या मर्चंट बँका येऊ लागल्या. खरी कलाटणी जून १९७२ ची. ब्रिटनने पौंड तरता सोडला आणि तोवर स्टर्लिंग क्षेत्रातल्या देशांना मोकळा असलेला पैशाचा रस्ता बंद केला. भारतही त्या दिवशी बाहेर पडला. आत उरले ब्रिटन, आयर्लंड आणि ही बेटं. म्हणजे लंडनचा पैसा परवानगीशिवाय जिथे जाऊ शकेल आणि तरीही ब्रिटिश करकायद्याबाहेर राहील, अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. १९७९ मध्ये ही नियंत्रणं संपली, तोवर सेंट हेलियरमध्ये वकील, हिशेबनीस आणि बँका ठाण मांडून बसल्या होत्या.

आयर्लंडने मात्र त्याच १९७९ मध्ये युरोपीय चलनव्यवस्थेसाठी स्टर्लिंगशी बरोबरी तोडली, आणि डब्लिनचं वित्तकेंद्र उभं राहिलं ते १९८७ नंतर. त्यामुळे समान चलन ही अटळ अट म्हणता येत नाही. आयर्लंडकडे मात्र स्वतःची मध्यवर्ती बँक होती. जर्सीकडे ती नाही. व्याजदर ठरवणाऱ्या लंडनच्या समितीवर तिचा प्रतिनिधीही नाही. बरोबरी टिकते ती जर्सीच्याच कायद्याने आणि तिने ठेवलेल्या गंगाजळीने.

याची किंमत ऑक्टोबर २००८ मध्ये दिसली, ती आइल ऑफ मॅनवर. काउपथिंग या आइसलँडच्या बँकेची एक कंपनी लंडनमध्ये होती, एक या बेटावर. बेटावरच्या कंपनीने ठेवींचा मोठा हिस्सा लंडनच्या भावंडाकडे ठेवला होता. लंडनची कंपनी कोसळली तेव्हा ब्रिटिश सरकारने तिथल्या ऑनलाइन ठेवीदारांची खाती आयएनजी डायरेक्टकडे वळवली. त्यांचा पैसा सुखरूप राहिला. बेटावरच्या ठेवीदारांना ब्रिटनची ठेव-हमी लागूच नव्हती. त्यात परदेशी नोकरी करणारे पुष्कळ होते. त्यांचे पैसे पुढे अनेक वर्षं हप्त्याहप्त्याने मिळत राहिले.

जर्सीने स्वतःची ठेव-हमी योजना २००९ मध्ये सुरू केली. माणशी ५०,००० पौंड. पण पाच वर्षांत सगळ्यांची मिळून कमाल भरपाई १० कोटी.