बुद्धीच्या मापाचे माप



भंडाऱ्याच्या बिडी कामगारांत आयुष्य घालविलेल्या माणसाने मानसशास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमचे सारे भांडण मुळी मापाशीच आहे. सट्टेदार हजार बिड्यांतून काही बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला टाकतो आणि त्यांची मजुरी बुडते, तेव्हा आम्ही विचारतो : ही पारख कोणी ठरविली, आणि कशावरून? बुद्धी मोजणाऱ्या शास्त्रालाही आम्ही हेच विचारतो. आणि त्या शास्त्रातील जाणत्यांनी हा प्रश्न आमच्या आधीच स्वतःला विचारला आहे.

1905 साली पॅरिसमध्ये बिने व सिमोन यांनी शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य देता यावे म्हणून एक चाचणी रचली. 1916 साली टर्मन यांनी कॅलिफोर्नियात तिला अमेरिकी रूप दिले. तिकडच्या मुलांसाठी बेतलेले प्रश्न आपल्या मुलांना जसेच्या तसे कसे लागू पडावेत? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडच्या बाजूस मराठी व कानडी मुलांवर ती चाचणी पडताळून तिला देशी रूप दिले; 1934 साली त्यावर निबंध लिहिला, 1940 साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

पण माप एकदा घडविले की काम संपत नाही. 1984 साली जेम्स फ्लिन यांनी दाखविले की, 1932 ते 1978 या काळात अमेरिकनांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे 14 गुणांनी चढला होता. म्हणजे जुन्या मापाने नव्या पिढीचे मूल मोजले, तर आकडा फुगतो. कामतांची चाचणी त्यानंतरही देशभर वापरात राहिली. तिची प्रमाणे जुनी झाल्याचे पुढे मानसशास्त्रज्ञांनीच उघडपणे लिहिले.

हा केवळ पंडितांचा वाद नाही. तुमसरच्या किंवा साकोलीच्या एखाद्या मजुराच्या मतिमंद मुलाला प्रमाणपत्र हवे असते. फुगलेला आकडा 70च्या वर गेला, की त्याच्या हक्काचे साहाय्य हुकू शकते. छाटीत दिवसाची मजुरी जाते; येथे लेकराची उभी वर्षे जातात.

म्हणून आकडा ऐकताच मान डोलवू नका. ही चाचणी कोणत्या मुलांवर, कोणत्या साली पारखली, हे नम्रपणे पण ठासून विचारा. आपले माप चारचौघांत तपासायला ठेवते, ते शास्त्र आम्हांस विश्वासाचे वाटते. सट्टेदाराने तेवढे केले असते, तर आमचे निम्मे संप टळले असते!